समास

गुरुवारी तीन वाजता, तिसऱ्या मजल्यावर,
पूर्वी चादरी ठेवायचे त्या खोलीत
आमची शाळा भरते.
खुर्च्या अकरा. फळा पांढरा.
सलाइनचे स्टँड दाराशी, ओल्या छत्र्यांसारखे.

मी झुल्मीरा. चौथी पास.
पुढची एक्केचाळीस वर्षं मातोझिन्युशच्या कारखान्यात
सार्डिनची डोकी उडवली,
एकीच्या शेपटीला दुसरीचं तोंड लावून
डब्यात पाच-पाच निजवल्या.
वाचायचं म्हणजे झाकणावरची तारीख.

ओतीलियाबाई नर्स. पहिल्या दिवशी म्हणाल्या,
डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलं, ते सांगा एकेक.
कुणालाच सांगता येईना.
बेलार्मीनू, ट्रामचा ड्रायव्हर, घसा खाकरून म्हणाला,
"बसा म्हणाले."
तेवढंच त्याच्या लक्षात होतं.

मग शिकलो. पांढऱ्या पेशी किती हव्यात.
ताप अडतीसच्या वर गेला
तर सकाळची वाट न बघता फोन करायचा,
रात्रीचे तीन वाजले असले तरी, आणि माफी मागायची नाही.
ग्रेड वेगळी, स्टेज वेगळी, हे काही केल्या डोक्यात शिरेना,
तेव्हा इदालिनानं घरून कांदा आणला, कापला:
किती झोंबतो ती ग्रेड,
कुठवर वास पोचला ती स्टेज.
सगळ्यांचे डोळे भरले.
कांद्यानंच, असं ठरलं.

बेलार्मीनू वही आणत नसे.
"तीस वर्षं ट्राम चालवली. रूळ काय वाचावे लागतात?"
बिस्किटांसाठी येतो म्हणायचा.
यायचा मात्र पावणेतीनलाच.

सातव्या गुरुवारी माझा रिपोर्ट फळ्यावर लावला.
मीच म्हटलं, लावा.
शेवटून दुसरी ओळ: समास मोकळे.
आमच्या भाषेत वहीच्या समासाला
आणि नदीच्या काठाला शब्द एकच.
मला वाटलं, माझ्या छातीबद्दल लिहिताना
ह्यांना दोउरू कशी आठवली?
मोकळा काठ, होड्या गेलेल्या, पलीकडे गाया धुक्यात.

बाईंनी कागदावर लाल रेघ ओढली.
"गाठ काढताना भोवतालचं थोडं चांगलंही काढतात.
त्या कडेला काही सापडलं नाही.
रेघेबाहेर कुणी लिहिलेलं नाही."

मी लिहायची. चौथीत, रेघेबाहेर.
लिहायची कसली, मासे काढायची,
आणि मास्तर त्या बोटांवर पट्टी मारायचे.

"म्हणजे मी बरी झाले?"
"म्हणजे समास मोकळे," बाई म्हणाल्या.
"एका शब्दाकडून एवढंच घ्यायचं. बाकीचं पुढच्या शब्दांना विचारू."
मला राग आला त्यांचा.
घरी जाताना बसमध्ये कळलं,
इतक्या महिन्यांत माझ्याशी खरं, पुरतं मापून
बोललेलं माणूस हे एकच.

नवव्या गुरुवारी बेलार्मीनू वर्गात आला नाही.
लिफ्टजवळ उभा होता.
खिशातून कागद काढला, चार घड्यांचा,
घडीवर घामानं पिवळा पडलेला.
"माझा चष्मा घरी राहिलाय," म्हणाला.
चष्मा त्याच्या कपाळावर होता.

मी उलगडला. शेवटून दुसरी ओळ.
तोच शब्द. त्याच्या आधी एक
छोटा शब्द, तीन अक्षरांचा,
पहिलीतही येतो वाचता.

मी "बसा" म्हटलं नाही.
मीच बसले, बाकावर.
मग तोही बसला.
"किती सांगू?" मी विचारलं. हे बाईंनी शिकवलेलं.
तो लिफ्टचे आकडे बघत राहिला.
चार. तीन. दोन. पुन्हा तीन.
"सगळं," म्हणाला. "पण सावकाश. वळणावर घेतात तसं."

सांगितलं. कांदाही सांगितला.
मग डॉक्टरांना विचारायचे प्रश्न काढायला बसलो.
मागचं पान कोणत्या तरी शिक्क्यांनी भरलेलं,
जागा राहिली होती ती फक्त कडेला.
पेन्सिल माझी, अक्षर त्याचं, कापरं:
पुन्हा कापणार का.
कापलं नाही तर काय.
तिसरा प्रश्न त्यानं डावा हात आडवा धरून लिहिला,
शेजारच्यानं बघू नये म्हणून पोरं धरतात तसा.

मी लिफ्टच्या दाराकडे पाहत बसले.